फरशीची कड : सपाट जमिनीच्या तंत्राचा इतिहास

प्रस्तावना

वास्तुकलेच्या इतिहासात घुमट, कमानी व शिखरे यांना जे स्थान लाभले ते पायाखालच्या जमिनीला लाभले नाही. शेजारच्या दोन फरश्यांच्या कडा एका पातळीत न येणे, हा दोष तर सर्रास गवंड्याच्या हलगर्जीपणाचा मानला जातो. हा दोष दूर करण्याची जबाबदारी काळानुसार कोणाकडे गेली, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भट्टीतील दोष

ओल्या मातीची फरशी वाळताना व भाजताना आकसते. कडा मध्यभागापेक्षा लवकर वाळत असल्याने फरशी वाकते. बर्मिंगहॅमचे अभियंते रिचर्ड प्रॉसर यांनी १८४० मध्ये कोरडी मातीची भुकटी साच्यात दाबून वस्तू घडविण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटन यांनी त्यात भागीदारी मिळविली. भुकटीत पाणी अल्प असल्याने आकसणे घटले व कड सरळ राहू लागली. दोषाची दुरुस्ती अशा रीतीने कारखान्याकडे गेली. मुंबईत १८७२ मध्ये खुल्या झालेल्या, आज डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संग्रहालयातील मिंटन फरश्या या परंपरेतील आहेत.

घासाईचा काळ

१९२२ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारत टाइल्सने सिमेंटच्या फरश्यांचे देशी उत्पादन हाती घेतले. सिमेंटची फरशी दाबाने घडते, भाजली जात नाही. त्यामुळे भट्टीतील वाकण्याचा प्रश्न तिच्याबाबत उद्‌भवत नाही. पुढे घरोघरी पोहोचलेल्या मोझेक फरशीने आणखी एक सोय दिली. फरशी बसविल्यावर संपूर्ण जमीन पाणी घालून यंत्राने, प्रथम भरड व नंतर बारीक दगडाने, घासली जाई. उंच राहिलेली कड या घासाईत झिजून शेजारणीच्या पातळीत येई. म्हणजेच गवंड्याच्या हातून राहिलेली उणीव घासाई करणारा कामगार भरून काढीत असे.

दुरुस्तीची संधी संपली

चकाकीचा थर असलेल्या सिरॅमिक फरशीने ही संधी काढून घेतली. थर घासला की फरशीच वाया जाते. आता पाणसळ, दोरी व खालचा मसाला यांवरच सारी भिस्त आली. त्यातच फरशीचा आकार वाढत गेला. लांबट फरशीचा मध्यभाग किंचित उचललेला असतो. विटांच्या रचनेप्रमाणे निम्म्यावर सांधा घेतल्यास एकीची खालावलेली कड दुसरीच्या उंच मध्याशेजारी येते. म्हणून सांधा एक तृतीयांशापेक्षा अधिक सरकवू नये, असा संकेत रूढ झाला. अमेरिकन मानकात अरुंद सांध्यासाठी १/३२ इंच, म्हणजे सुमारे ०.८ मिमी, अधिक फरशीची अंगभूत वक्रता एवढा फरक ग्राह्य धरला आहे. यंत्राने घडविलेली फरशीही पूर्णतः सपाट नसते, याची ही अधिकृत कबुलीच होय.

समारोप

यावरून असे दिसते की, सपाट जमिनीचे श्रेय कारखान्याने घेतले, परंतु उंचसखल कडेचा दोष कारागिराच्या माथी राहिला. वयोवृद्धांना ठेच लागण्यास कारण ठरणारी ही कड लहान असली तरी उपेक्षणीय नाही. तिची कारणे साच्यात, भट्टीत, रचनेत व हातात अशी विभागलेली आहेत. मजुरी कापण्यापूर्वी ती तपासणे हे न्यायाचे ठरेल. आणि श्रमाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पायाखालीही पाहणे अगत्याचे आहे.