हक्काचा पैसा

मराठी राज्यात हिजड्यांचे मागणे ही भीक नव्हती. दख्खनमधल्या काही हिजड्यांकडे ठरावीक मुलखापुरत्या सनदा होत्या. त्या मुलखात घरटी पैसा आणि शिधा मागण्याचा हक्क त्यांना होता. काहींना इनाम जमिनीही होत्या. पाटील-कुलकर्ण्यांच्या वतनाशी जुळणाराच हा प्रकार, फरक वारसाचा. इथे हक्क बापाकडून मुलाकडे जात नसे, गुरूकडून चेल्याकडे जाई.

कंपनी सरकारला हे चालणार नव्हते. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनामांची छाननी कडक झाली. जे हक्क कायद्याचा किंवा सार्वजनिक सभ्यतेचा भंग करतील ते पुढे चालवू नयेत, असे त्यात कलम होते आणि हिजड्यांच्या सनदा त्यात अडकल्या. मागणारे तेच राहिले, दारेही तीच. कागद तेवढा गेला. कागद गेल्यावर हक्काची भीक व्हायला वेळ लागत नाही.

उत्तरेत घाव अधिक खोल बसला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांसाठीच होता आणि तो मुख्यतः वायव्य प्रांतात राबवला गेला. सरकारी नोंदवहीत नाव चढलेल्याने बाईच्या वेषात रस्त्यावर दिसणे, तिथे नाचणे-वाजवणे किंवा पैसे घेऊन कोणाच्या घरी नाचणे-वाजवणे हा गुन्हा ठरला. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद. त्याला मृत्युपत्र करता येत नसे, दत्तकही घेता येत नसे. म्हणजे धंदा बंद, आणि गुरूची पुंजी चेल्याला देण्याची वाटही बंद. १९११ च्या नव्या कायद्यात हा भाग राहिला नाही. निजामाच्या हैदराबाद संस्थानात मात्र १९१९ मध्ये तसाच कायदा आला. मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. तो कायदा तेलंगणा उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला २०२३ मध्ये.

मुंबईत कमाईची घडी हिजड्यांच्या घराण्यांनी बसवली. लष्करवाले, भेंडीबाजारवाले, पूनावाले अशी त्यांची नावे. कोणत्या टोळीने कुठला बाजार मागायचा, कुठल्या वस्तीतल्या बाळाची बधाई घ्यायची, हे घराण्यांचे नायक ठरवत. जन्माच्या घरी ढोलकी वाजते, टाळी पडते, बाळाला मांडीवर घेऊन दुवा दिली जाते. धान्य, साडी आणि रोख रक्कम मिळते. लोकलच्या डब्यात दिलेले नाणे कधी दाताखाली धरून परत दिले जाते आणि घेणारा ते पाकिटात जपतो. कमाईचा वाटा गुरूला जातो. त्या बदल्यात छप्पर, आजारपणात सोबत आणि भांडणात न्याय मिळतो. जाच असला तरी घर असते.

स्वातंत्र्यानंतर गुन्हेगार जमातींचा कायदा गेला. पण १९५९ च्या मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायद्याने सार्वजनिक ठिकाणी गाऊन-नाचून पैसे घेणेही भीकच ठरवले. पेशवाईत ज्याला सनद होती, त्यावर आता अटक होऊ शकत होती.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि त्यांना मागास समजून शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत आरक्षण देण्याचा आदेश दिला. या खटल्यात ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनीही बाजू मांडली होती. आदेश झाला तरी नोकरी टिकायला आणखी काय लागते, हे २०१७ मध्ये कोचीत दिसले. तिथल्या मेट्रोने २३ तृतीयपंथीयांना काम दिले. पहिल्या काही दिवसांतच आठ जणांनी ते सोडले. पगारात परवडेल अशी खोली त्यांना कोणी भाड्याने देईना. घराण्यात कमाईबरोबर येणारे छप्पर इथे नेमणूकपत्राबरोबर आले नव्हते.

महाराष्ट्रात गाडी अर्जापाशीच अडली होती. पोलीस भरतीच्या ऑनलाइन अर्जात स्त्री आणि पुरुष एवढेच पर्याय होते. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सरकारला फटकारल्यावर तिसरा पर्याय आला. त्या उमेदवारांच्या शारीरिक चाचणीचे निकष मात्र तेव्हा ठरलेले नव्हते. ते ठरवायला सरकारला फेब्रुवारी २०२३ अखेरपर्यंत मुदत मिळाली.