पिशवीतल्या राक्षसांची कुळकथा

१९६५ साली जपानच्या तोहो स्टुडिओने बारागॉन नावाच्या राक्षसासाठी रबराचा एक अवजड पोशाख बनवून घेतला. हारुओ नाकाजिमा हा नट तो अंगावर चढवून हातापायांवर रांगायचा. १९५४च्या पहिल्या गॉडझिलाच्या कातडीतही हाच माणूस होता. पुढे अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावी एका नियतकालिकाच्या पहिल्या अंकात ‘ब्युलेट’ नावाचा राक्षस छापला गेला. तारीख जून १९७६. डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळणाऱ्या माणसाला ब्युलेट माहीत नाही असं होत नाही. पाठीवर चिलखती कवच, पुढे निमुळतं तोंड, आणि जमिनीखालून भसकन वर येऊन घोडे खाणारा. बारागॉनचा पोशाख आणि हा ब्युलेट यांचं रक्ताचं नातं आहे असं माझं म्हणणं आहे. ही कुळकथा त्या नात्याची.

खेळाचा सर्वज्ञात इतिहास थोडक्यात सांगतो. प्रशियन सैन्याच्या युद्धपटापासून छंदी लोकांच्या शिशाच्या सैनिकांपर्यंत एक लांबलचक वाट आहे. तिच्या शेवटी १९७१मध्ये गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांचं ‘चेनमेल’ हे नियमपुस्तक निघालं, त्याच सुमारास मिनेसोटात डेव्ह आर्नेसनने ‘ब्लॅकमूर’ची मोहीम सुरू केली, आणि दोघांच्या भेटीतून १९७४च्या जानेवारीत डंजन्स अँड ड्रॅगन्स जन्माला आलं. पहिली आवृत्ती हजार प्रतींची. हे सगळं अनेकांनी उत्तम लिहिलेलं आहे.

या इतिहासात टेबलावरच्या वस्तूंना मात्र कोपऱ्यातली जागा मिळते, आणि मला ते पटत नाही. गायगॅक्सकडे मध्ययुगीन सैनिक होते ते एलास्टोलिन या जर्मन कंपनीचे, ४० मिलिमीटर उंचीचे. सैनिक दुकानात मिळत, ड्रॅगन मिळत नसे. मग त्याने प्लास्टिकच्या स्टेगोसॉरसवर कारागिरी करून त्याचा ड्रॅगन केला. एलास्टोलिनचाच एक ७० मिलिमीटरचा व्हायकिंग घेतला, त्याच्या डोक्याला बाहुलीचे केस चिकटवले आणि तो दैत्य झाला. हिशेब करून पाहा. ४० मिलिमीटरचा सैनिक सहा फुटी धरला तर ७० मिलिमीटरचा व्हायकिंग साडेदहा फुटी होतो. दैत्याची उंची अशी घरात पडलेल्या बाहुल्यांच्या मापावरून ठरत होती. तिकडे आर्नेसनच्या टेबलावरचा ब्लॅकमूरचा किल्लाही प्लास्टिकच्या तयार किटमधून जोडलेला होता. हे लोक आधी वस्तू मिळवत आणि मग तिची गोष्ट रचत. आज मोहिमेची तयारी करताना आपण आधी कथा लिहितो आणि नंतर तिच्याजोगी फिगर शोधतो. मूळ रिवाज याच्या नेमका उलटा होता.

त्या काळात अमेरिकेतल्या स्वस्त वस्तूंच्या दुकानांत ‘प्रागैतिहासिक प्राणी’ अशा नावाने प्लास्टिकच्या जनावरांची एक पिशवी मिळे. कारागिराचं नाव नाही, फक्त ‘मेड इन हाँगकाँग’. आत काही ओळखू येणारे डायनोसॉर असत, आणि त्यांच्यात मिसळलेली काही जनावरं अशी की ती कुठल्याच संग्रहालयात सापडली नसती. एकाच्या शेपटीच्या टोकाला पंख्याच्या पात्यांसारखं काहीतरी होतं. एक दोन पायांवर उभं, बुटकं, चोचीच्या तोंडाचं. एक चार पायांवर, पाठीवर कवच घेतलेलं. गायगॅक्सने ही पिशवी घरी आणली आणि जनावरं भुयारात सोडली.

पंख्याच्या शेपटीवाल्याचा ‘रस्ट मॉन्स्टर’ झाला. ही घटना मला या खेळाच्या इतिहासातली सर्वांत हुशार चाल वाटते. ते खेळणं कुणालाही भीतीदायक वाटलं नसतं. तेव्हा गायगॅक्सने त्याला जीव घेण्याची ताकद दिलीच नाही. त्याच्या मिशा लोखंडाला लागल्या की लोखंड गंजतं आणि तो ते खातो, इतकंच. जादूची तलवार आणि भारी चिलखत जिवापेक्षा जपणारे खेळाडू ड्रॅगनसमोर छाती काढून उभे राहत आणि या बावळट जनावरापासून पळ काढत. चोचवाल्याचा ‘आऊलबेअर’, म्हणजे अर्धं घुबड अर्धं अस्वल, झाला. हे दोघे १९७५च्या ‘ग्रेहॉक’ पुरवणीत छापले गेले. त्याच पुरवणीतल्या ‘अंबर हल्क’ या भुयारं खणणाऱ्या, मोठ्या जबड्याच्या राक्षसाचंही नाव पिशवीशी जोडलं जातं.

कवचवाला उरला होता. लेक जिनिव्हाच्या टेबलावर त्याला त्याच्या आकारावरून ‘बुलेट’ म्हणत. ‘द ड्रॅगन’ या नव्या नियतकालिकाचा संपादक टिम कास्क याने पहिल्या अंकासाठी त्याला गोष्ट दिली आणि नावाला फ्रेंच वळण लावून ‘ब्युले’ असा उच्चार ठरवला. कास्कने नंतर सांगितलेली हकिकत अशी की प्रेरणा टीव्हीवरच्या एका विनोदी प्रहसनाची होती. १९७५च्या उन्हाळ्यात ‘जॉज’ प्रदर्शित झाला, आणि नोव्हेंबरात ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’मध्ये घरोघरी दार वाजवणारा ‘जमिनीवरचा शार्क’ आला. म्हणून ब्युलेट जमिनीतून पोहल्यासारखा येतो, आणि म्हणून त्याचं टोपणनाव ‘लँडशार्क’. त्याच्या खाण्यात बुटकी हाफलिंग मंडळी आणि घोडे का आहेत याचंही उत्तर सोपं आहे. कास्कच्या खेळाडूंचे हाफलिंग आणि त्यांची तट्टं फार माजली होती.

लेखक स्वतःच साक्ष देतो म्हटल्यावर बहुतेक जण इथे थांबतात. मला थांबवत नाही, कारण कास्क आपल्याला गोष्टीचं मूळ सांगतो, आकाराचं सांगत नाही. आकार त्याच्या हातात तयार आला होता. तो कुठून आला हे शोधायला टोकियोला परत जावं लागतं.

गॉडझिलाच्या चित्रपटांतल्या चमत्कृतींचा उस्ताद एइजी त्सुबुराया याने स्वतःची संस्था काढून १९६६ साली टीव्हीसाठी ‘अल्ट्रा क्यू’ आणि पाठोपाठ ‘अल्ट्रामॅन’ या मालिका केल्या. दर आठवड्याला नवा राक्षस हवा आणि रबराचा पोशाख महाग. तेव्हा तोहोने बारागॉनचा पोशाख त्याला वापरायला दिला. धड तेच ठेवून डोकं आणि सजावट बदलायची. ‘अल्ट्रा क्यू’मध्ये तो पागोस झाला. ‘अल्ट्रामॅन’मध्ये नेरोन्गा, मग मागुलार आणि नवव्या भागात गाबोरा. नेरोन्गा आणि गाबोराच्या आतही नाकाजिमाच होता.

गाबोराकडे नीट पाहिलं पाहिजे. हा युरेनियम खाणारा राक्षस. मानेभोवती मोठाले कल्ले, आणि ते मिटले की डोळे-तोंड सगळं झाकून डोक्याचं एक बोथट निमुळतं टोक होतं. तसं डोकं मिटून तो जमिनीखालून सरकतो. युरेनियमची कुपी हेलिकॉप्टरला टांगून त्याला वस्तीपासून दूर न्यावं लागतं. चार पाय, खडबडीत पाठ, मिटलेलं डोकं, जमिनीखालचा प्रवास. आता ब्युलेटचं चित्र शेजारी ठेवा.

याच मालिकेच्या एकविसाव्या भागात केम्युलर आहे. पाठीवर दुभंगणारं कवच, विषारी धूर, आणि शेपटीचं टोक फाटलेलं. रस्ट मॉन्स्टरचा आजा म्हणून त्याच्याकडे बोट दाखवलं जातं आणि मला ते मान्य आहे. सातव्या भागातला अँटलार मुंगीसिंहासारखा वाळूत खड्डा करून बसतो, त्याचे जबडे मोठे, आणि तो चुंबकी किरणांनी विमानं खाली ओढतो. अंबर हल्कचे जबडे आणि खणणं त्याच्याशी जुळतं. इथे एक मोठा मोह होतो: अँटलार लोखंड ओढतो, रस्ट मॉन्स्टर लोखंड खातो, मग तेही नातं जोडून टाकावं. मी तो मोह आवरतो. दोघांचे देह कुठेच जुळत नाहीत, आणि गंजाची युक्ती शेपटीवरच्या त्या पंख्यासमोर बसून गायगॅक्सला सुचलेली आहे. माझा सिद्धांत आकारापुरता आहे, तो स्वभावावर फुकट ताणायचा नाही.

टोकियोचा आकार हाँगकाँगला कसा पोचला? १९६६पासून मारुसान ही जपानी कंपनी या राक्षसांची मऊ व्हिनाइलची खेळणी विकत होती, आणि ती मुलांमध्ये तुफान चालली. हाँगकाँगचा प्लास्टिक उद्योग तेव्हा जगातल्या स्वस्त खेळण्यांचा कारखाना होता. चालणारं खेळणं समोर ठेवायचं आणि साचा पाडायचा हा तिथला नेहमीचा व्यवहार. स्वस्त साचा दोन भागांचा असतो. त्यातून खेळणं सुटून यायचं तर आत वळलेल्या खाचा चालत नाहीत, म्हणून सुटे कल्ले अंगाला चिकटतात, मान धडात बुडते, डोळे बुजतात. गाबोराचे मिटलेले कल्ले अशा साच्यातून काढले की चिलखती बुलेटच निघणार. नकलेवरून नक्कल होताना मूळ नाव गळून पडलं आणि पिशवीवर ‘प्रागैतिहासिक’ शब्द आला, कारण अमेरिकेत डायनोसॉर खपत.

प्रतिपक्षाचं म्हणणं असं की साचा करणाऱ्याने कसलीही नक्कल केली नाही. त्याने डायनोसॉरच्या अर्धवट आठवणी एकत्र कालवल्या, आणि साम्य आपल्या डोळ्यांत आहे. एका जनावरापुरतं हे मी मान्यही केलं असतं. पण एकाच पिशवीतल्या दोन-तीन जनावरांचे जोड एकाच मालिकेच्या पहिल्या एकवीस भागांत सापडतात, आणि ही मालिका खेळण्यांच्या बाजारात पिशवीच्या थोडीच आधी गाजत होती. याला मी योगायोग म्हणणार नाही.

आता ब्युलेटकडे परत येऊ. बारागॉन मुळातच जमिनीखाली राहणारा, बिळं खणून वर येणारा राक्षस होता. त्याच धडाचा गाबोरा जमिनीखालून सरकतो. आणि ही साखळी ठाऊक नसलेला कास्क विस्कॉन्सिनमध्ये बसून ते खेळणं पाहतो आणि त्यालाही जमिनीखालीच धाडतो. शार्कचं प्रहसन त्याच्या डोक्यात होतं हे खरंच. पण पिशवीतल्या इतर कुठल्या जनावराला त्याने जमिनीचा शार्क केलं नसतं. खणण्याजोगा देह होता म्हणून खणण्याची गोष्ट त्याच्यावर बसली. नाव गेलं, देश गेला, युरेनियम गेलं, आणि तरी आकाराने आपला धंदा तिसऱ्यांदा मिळवला.

विद्वानांचा दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. गायगॅक्सने १९७९च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये आपल्या प्रेरणांची यादीच दिली आहे: रॉबर्ट हॉवर्ड, फ्रिट्झ लायबर, जॅक व्हान्स, लव्हक्राफ्ट, टोल्किन. खेळाचं कुळ पुस्तकांत आहे, खेळणी म्हणजे किरकोळ गंमत, असं ते म्हणतात. याला माझं उत्तर आपल्या ओळखीच्या पाहुण्याकडून येतं. डिसेंबर १९७५च्या ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’मध्ये राक्षस आला, आपला राक्षस, त्याच नावाने. रामायण ऐकत वाढलेल्या माणसाने त्याचं वर्णन वाचावं. हा मायावी आहे, समोरच्याला ज्याच्यावर विश्वास वाटतो त्याचं रूप घेतो, इथपर्यंत ओळख पटते. पुढे लिहिलंय की मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो मरतो. हे वाल्मीकींचं नाही आणि एकनाथांच्या ‘भावार्थ रामायणा’चंही नाही. ते ‘कोलचॅक: द नाइट स्टॉकर’ या अमेरिकन टीव्ही मालिकेतलं आहे. तिच्या डिसेंबर १९७४मध्ये दाखवलेल्या एका भागात शिकागोतला बातमीदार अशाच राक्षसाला अशाच बाणाने मारतो. वाघाचं डोकं आणि हातातला पाइप त्याला मिळाला तो १९७७च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये डेव्हिड ट्रॅम्पियरच्या चित्रातून. सहस्रावधी वर्षांचं साहित्य ग्रंथालयात उपलब्ध असताना राक्षस टीव्हीच्या पेटीतून टेबलावर उतरला. ही मंडळी हाताला लागेल ते घेत होती, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. प्रेरणांची यादी खरी आहे, पण ती ग्रंथांची यादी आहे. खेळण्यांच्या पिशवीचं नाव अशा यादीत कोण घालतो?

पिशवीची गोष्ट नव्या पिढीपर्यंत आणण्याचं मोठं श्रेय टोनी डिटेर्लिझी या चित्रकाराला जातं. १९९३च्या ‘मॉन्स्ट्रस मॅन्युअल’साठी त्याने राक्षस रंगवले होते. लहानपणी पाहिलेल्या खेळण्यांत त्याला नंतर तेच चेहरे दिसले, त्याने ती खेळणी जमवली आणि कास्ककडून हकिकत लिहवून घेतली. तेव्हापासून जुन्या बाजारात या पिशव्यांना मागणी आहे.

राहता राहिला आऊलबेअर, आणि माझ्या सिद्धांताची खरी परीक्षा तिथेच आहे. पिशवीतल्या जनावरांत हा सर्वांत लाडका निघाला. २०२३च्या डंजन्स अँड ड्रॅगन्स चित्रपटात नायिका त्याचं रूप घेऊन हाणामारी करते, आणि त्याच वर्षीच्या ‘बाल्डर्स गेट ३’ या व्हिडिओ गेममध्ये त्याचं पिल्लू पाळता येतं. पण ‘अल्ट्रामॅन’च्या पहिल्या मालिकेतला एकही राक्षस त्याच्याशी नीट जुळत नाही. काही जण त्याला कप्पा मानतात. कप्पा म्हणजे जपानी लोककथांतला नदीत राहणारा, चोचीचा, बसक्या डोक्याचा जलपिशाच. मीही त्याच बाजूचा. साचा करणाऱ्याच्या समोरच्या टेबलावर जपानी राक्षसांचा ढीग होता असं एकदा धरलं, की त्यात टीव्हीवरचे आणि लोककथेतले दोन्ही असणार. चोच, बुटका बांधा आणि दोन पायांवर उभं राहणं या तिन्ही खुणा कप्पाच्या आहेत. घुबड त्यात गायगॅक्सने पाहिलं आणि अस्वलही त्यानेच.