वनवैभव आणि रानातला हल्या

आलापल्लीहून भामरागडच्या रस्त्याला लागलं की साधारण सोळा किलोमीटरवर जंगलाची उंची अचानक बदलते. तोवर दोन्ही बाजूंना सागच असतो, पण तो एका वयाचा, एका जाडीचा. मग 'वनवैभव'ची पाटी येते. आत सागाचे असे वृक्ष उभे आहेत की शेंडा बघायला मान मागे टाकावी लागते. त्यांच्याखाली वेली, झुडपं आणि पडून कुजणारी खोडं आहेत. कुजणारं खोड आलापल्लीच्या बाकीच्या जंगलात सहसा दिसत नाही. ते कुजण्याआधीच डेपोत पोचलेलं असतं.

ही जागा जेमतेम सहा हेक्टर आहे. १९५३ साली वनखात्याने ठरवलं की इथे कुऱ्हाड चालवायची नाही. २०१४ साली जैवविविधता कायद्याखाली तिला वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, महाराष्ट्रातला पहिला. आलापल्लीला येणारा प्रत्येक पाहुणा इथे येतो, फोटो काढतो आणि 'पूर्वी सगळं जंगल असंच असणार' असं म्हणत गाडीत बसतो. मीही अनेकदा म्हटलं आहे. पण 'असंच' म्हणजे कसं, हा प्रश्न मला बऱ्याच उशिरा पडला. आणि तो सागामुळे पडला नाही, एका जोडी शिंगांमुळे पडला.

माझे मामा लाकूड डेपोत कारकून होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही चंद्रपूरहून एसटीने आलापल्लीला जायचो. मामांची भाषा लाकडाची होती. गोलाई, लांबी, लाट, कूप हे शब्द मी शाळेतल्या भूगोलाआधी शिकलो. कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला नेमून दिलेला जंगलाचा तुकडा. लाट म्हणजे लिलावासाठी लावलेला ओंडक्यांचा ढीग. मामा एकदा मला कुणाच्या तरी जुन्या बंगल्यावर घेऊन गेले. तिथल्या व्हरांड्यात भिंतीवर शिंगांची एक जोडी होती. दोन्ही हात पसरले तरी मला तिची टोकं गाठता आली नाहीत. खाली लाकडी पट्टीवर 'गवा' असं रंगवलेलं होतं. तिथला म्हातारा माडिया चौकीदार माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "गवा नाही बाबू हा. रानातला हल्या आहे."

आमच्याकडे हल्या म्हणजे रेडा. शेतावरचा, चिखलात लोळणारा. रानात हल्या कशाला असेल? मामा हसले आणि तो विषय तिथेच संपला.

चौकीदाराचं बरोबर होतं, हे कळायला मला पुढची वीसेक वर्षं लागली. गव्याची शिंगं गोल असतात, बाजूला निघून वर आणि आत वळतात. रानम्हशीची शिंगं चपटी, आडव्या वळ्यांची, तिकोनी काटाची असतात आणि बाजूला लांब पसरत मागे जातात. आज जिवंत असलेल्या गाय-म्हैस कुळातल्या प्राण्यांत एवढी लांब शिंगं दुसऱ्या कुणाची नाहीत. आपल्या गोठ्यातली म्हैस याच जनावराची माणसाळलेली लेक. हा मूळ प्राणी आलापल्लीच्या दक्षिणेला, छत्तीसगडच्या सीमेलगत, आजही आहे. महाराष्ट्रात फक्त तिथेच आहे. पण आलापल्लीचा इतिहास सांगताना आपण सागाचा सांगतो. रानम्हशीचा कुणी सांगत नाही.

मोजलं ते राखलं

हा टापू अहेरी जमीनदारीतला. १८५८ साली मोलमपल्लीच्या बाबूराव शेडमाके यांनी इथे इंग्रजांविरुद्ध उठाव केला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. त्यानंतर काही वर्षांतच या जंगलाकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जाऊ लागलं. १८६१ मध्ये मध्य प्रांत स्थापन झाला, १८६४ मध्ये हिंदुस्थानचं वनखातं आलं आणि १८६५ व १८७८ साली वनकायदे झाले. रेल्वेला, इमारतींना, पुलांना लाकूड हवं होतं. ब्रह्मदेशाबाहेर उत्तम साग जिथे मिळे त्या मोजक्या जागांत अहेरीचं नाव होतं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलापल्लीचं जंगल राखीव झालं.

'राखीव' हा शब्द आपण आज वाघाशी जोडतो. तेव्हा तो लाकडाशी जोडलेला होता. राखायचं म्हणजे आज कुणी तोडू नये, उद्या सरकारने तोडावं म्हणून. त्यासाठी कार्य आयोजना बनल्या, जंगलाचे कक्ष पडले, वणव्यावर पहारे बसले, निस्ताराच्या हक्कांना चौकटी घातल्या गेल्या. या व्यवस्थेला निव्वळ लूट म्हणणं सोपं आहे, पण ते अर्धंच खरं. तिच्याशिवाय आलापल्लीचा साग कदाचित विसाव्या शतकापर्यंत टिकलाही नसता. या जंगलातला साग आजही नावाजलेला आहे. २०२३ च्या मार्चमध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून लाकूड रवाना झालं, तेव्हा आलापल्लीचं नाव राज्यभर झालं.

पण या व्यवस्थेत जे मोजलं जाई तेच राखलं जाई. सागाची गोलाई मोजली जाई. बांबू मोजला जाई, तेंदूची पानं पुड्यांनी मोजली जात. नदीकाठचं उंच गवत, पाणथळ, जनावरांनी लोळून केलेली डबकी यांची नोंद व्हायची ती 'मोकळी जागा' म्हणून. सागाच्या हिशेबात ती तूट होती.

रानम्हशीला नेमकं तेच लागतं. आठशे ते बाराशे किलोचं हे जनावर गवतावर जगतं आणि उन्हाळ्यात पाण्याशिवाय राहू शकत नाही. त्याला घामाच्या ग्रंथी फार थोड्या, म्हणून चिखल हा त्याचा शौक नाही, गरज आहे. सावलीचं जंगल, गवताचा पट्टा आणि बारमाही पाणी या तिन्ही गोष्टी एकमेकींना लागून असाव्या लागतात. यातली एक गेली तर बाकीच्या दोन असून भागत नाही.

मागे सरकत गेलेली सीमा

मध्य भारतात या जनावराची सीमा कशी मागे सरकली ते जुन्या पुस्तकांतून दिसतं. कॅप्टन जेम्स फॉर्सिथचं 'हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया' १८७१ साली प्रसिद्ध झालं. पूर्वेच्या सालवनांत जाऊन त्याने केलेली रानम्हशींची शिकार त्यात आहे. १९२३ साली ए. ए. डनबार ब्रँडर या वनाधिकाऱ्याने मध्य भारतातल्या वन्यप्राण्यांवर पुस्तक लिहिलं. दोघांच्या मध्ये अर्धं शतक आहे. या काळात नदीकाठची गवताळ, सपाट, ओलीची जमीन भातशेतीखाली जात राहिली. ती जमीन माणसालाही हवी होती आणि म्हशीलाही.

शिकार हे एक कारण होतं, पण मला ते सगळ्यात मोठं वाटत नाही. बंदूक एकेक जनावर मारते. बुळकांडी अख्खा कळप नेते. गावची गुरं आणि रानम्हशी एकाच पाणवठ्यावर येत. बुळकांडी, लाळ्या-खुरकूत, घटसर्प हे रोग गुरांकडून रानात गेले. बुळकांडीचं जगातून उच्चाटन झाल्याचं २०११ साली जाहीर झालं. पण तोवर मध्य भारतातल्या रानम्हशी एकमेकींपासून तुटलेल्या छोट्या छोट्या तुकड्यांत उरल्या होत्या.

तिसरं कारण सर्वांत अवघड, कारण त्यात कुणी शत्रू नाही. रानातला हल्या गावातल्या म्हशीकडे येतो. गावातला रेडा रानात चुकतो. होणारं पिल्लू दिसायला धड असतं, जगतंही. पण अशा चार-पाच पिढ्या गेल्या की रानम्हैस मरत नाही, विरघळते. एकही प्रेत न पडता जात नाहीशी होते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानम्हशीला पहिल्या अनुसूचीत घातलं, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. जगात आज रानम्हशी चार हजारांहून कमी मानल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक आसामात, काझीरंगा आणि आसपास आहेत. मध्य भारतात उरल्या त्या मुख्यतः छत्तीसगडमध्ये. तिथे ती राज्यप्राणी आहे, पण राज्यप्राणी झाल्याने गवत उगवत नाही. उदंतीच्या अभयारण्यात एक वेळ अशी आली की शुद्ध म्हणावी अशी एकच मादी उरली, आशा नावाची. तिच्या पेशींपासून १२ डिसेंबर २०१४ रोजी कर्नालच्या राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेत क्लोन जन्मवला, दीपआशा. पुढे २०२० साली आसामच्या मानसमधून एक नर आणि एक मादी बारनवापाराला आणली. त्यावर वाद झाला की आसामचं रक्त इथे मिसळलं तर मध्य भारताची वेगळी ओळख राहणार कशी. वाद खरा आहे. पण तो करायची पाळी आली, यातच आपण किती उशिरा जागे झालो ते दिसतं.

कोलामार्का

आलापल्लीहून सिरोंच्याकडे जाताना रेपनपल्लीपासून आत कमलापूर लागतं. कमलापूर लोकांना माहीत आहे ते हत्तींसाठी. सागाचे ओंडके ओढायला वनखात्याने हत्ती पाळले. ओढायचं काम ट्रकने आणि क्रेनने घेतलं, हत्ती राहिले, आणि आज महाराष्ट्रातला एकमेव शासकीय हत्ती कॅम्प तिथे आहे. २०२२ साली हे हत्ती गुजरातेत हलवण्याची बातमी आली, तेव्हा कमलापूरची माणसं विरोधात उभी राहिली. कामाचे हत्ती एव्हाना गावचे झाले होते.

याच कमलापूर वनपरिक्षेत्रात, इंद्रावतीच्या बाजूला कोलामार्का आहे. रानम्हशींसाठी २०१३ साली सुमारे १८० चौरस किलोमीटरचं संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं आणि पुढे त्याला अभयारण्य करण्याचा निर्णय झाला. पलीकडे छत्तीसगडात इंद्रावतीचा व्याघ्र प्रकल्प, १९८३ चा. म्हशींना राज्याची सीमा ठाऊक नाही. त्या नदी ओलांडतात. इकडे मोजल्या तर तिकडच्या कमी होतात.

हे जंगल असंच राहिलं, असंही नाही. गोदावरीवर इचमपल्ली आणि इंद्रावतीवर भोपालपट्टनम अशी दोन मोठी धरणं ठरली होती. १९८४ च्या सुमारास बाबा आमटे यांच्या पुढाकाराने 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलन उभं राहिलं आणि हजारो आदिवासी त्यात उतरले. ती धरणं झाली नाहीत. त्या आंदोलनात रानम्हैस हा मुद्दा नव्हता. माडियांची गावं, शेतं, देवांच्या जागा पाण्याखाली जाणार होत्या, त्यासाठी लोक उठले होते. पण नदीकाठ वाचला आणि त्याबरोबर म्हशीचं गवतही वाचलं. महाराष्ट्रात रानम्हैस उरली याचं श्रेय द्यायचंच झालं, तर आपण वनखात्याच्या कागदांइतकंच या लोकांनाही द्यायला हवं.

म्हणून मला कोलामार्काची एक काळजी वाटते. राखीव क्षेत्र म्हटलं की आपल्या अंगात १८७८ चा कायदा येतो. पहिली पाटी लागते 'प्रवेश निषिद्ध'. पण इथे म्हैस वाचवायची तर पहिली गरज गावच्या गुरांना दर वर्षी लाळ्या-खुरकूत आणि घटसर्पाची लस टोचण्याची आहे. दुसरी गरज गावच्या म्हशी आणि मोकाट रेडे रानाच्या पाणवठ्यावर जाणार नाहीत अशी सोय करण्याची. उन्हाळ्यात पाणी आणि वणव्यापासून राखलेलं गवत ही तिसरी. यांतली एकही गोष्ट गावावाचून होत नाही. ज्याची गुरं आपण टोचणार त्याच्याच चराईवर दंड लावला, तर तो आपल्याला गोठा दाखवणार नाही. याच गडचिरोली जिल्ह्यात मेंढा-लेखाने २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला आणि गाव जंगल सांभाळू शकतं हे दाखवलं. तेव्हा उदाहरण शोधायला फार लांब जायला नको.

सहा हेक्टर

मागच्या हिवाळ्यात मी पुन्हा वनवैभवात गेलो. आलापल्लीच्या चौकात आता सूरजागडच्या लोहखनिजाच्या ट्रकची रांग असते. रस्ता ओलांडायला थांबावं लागतं. आत मात्र शांत होतं. मामा आता नाहीत. त्यांच्या सवयीने मी एका बुंध्याला कवेत घ्यायला गेलो, तर अर्धाही आला नाही.

ज्या कुणी अधिकाऱ्यांनी १९५३ साली हा तुकडा सोडला, त्यांचा मी ऋणी आहे. विक्रीला तयार असलेलं लाकूड उभं ठेवायला धीर लागतो. पण साग जागेवर उभा राहतो. त्याला सहा हेक्टर पुरतात. त्याचा नमुना ठेवता येतो. रानम्हशीचा नमुना ठेवता येत नाही. तिला नदीचा काठ लागतो, ओलांडायला दुसरं राज्य लागतं, निरोगी गुरांची शेजारची गावं लागतात. नमुना म्हणून ठेवलीच, तर ती कर्नालच्या गोठ्यातली क्लोन होते, नाहीतर व्हरांड्यातली शिंगं.

त्या बंगल्याकडे मी यावेळी मुद्दाम गेलो होतो. व्हरांडा पाडून नवं बांधकाम झालं आहे. शिंगांचं काय झालं ते तिथे कुणालाच सांगता आलं नाही. एका तरुण कर्मचाऱ्याला मी शिंगं कशी होती ते हातांनी दाखवलं. तो म्हणाला, "गव्याची असतील, सर."

मी त्याला चौकीदाराचं वाक्य सांगितलं. त्याने मोबाइल काढला, रानम्हशीचा फोटो शोधला आणि बराच वेळ बघत राहिला. मग विचारलं, "ही आपल्याकडे आहे?"

आहे, म्हटलं. अजून आहे.