कुत्र्याच्या छत्रीतील अद्भुत विश्व

मृगाच्या सरींनी जमीन पुरती भिजली, की एखाद्या सकाळी उद्यानातील हिरवळीवर, झाडाच्या कुजक्या बुंध्यावर किंवा कुंडीतल्या मातीत इवल्याशा छत्र्या उगवलेल्या दिसतात. मराठीत त्यांना सरसकट ‘कुत्र्याची छत्री’ म्हटले जाते. या नावातच उपेक्षा आहे. खाण्याजोगी ती अळंबी आणि उरलेली सारी कुत्र्याची छत्री, अशी ढोबळ विभागणी करून माणूस पुढे जातो. मात्र जमिनीवर पालथे पडून कॅमेऱ्याच्या भिंगातून पाहणाऱ्याला याच उपेक्षित छत्र्यांमध्ये एक विलक्षण विश्व सापडते. भूछत्रांचे छायाचित्रण हा म्हणूनच निव्वळ छंद राहत नाही. त्यातून विज्ञानालाही भर पडते.

ना वनस्पती, ना प्राणी

भूछत्राला हरितद्रव्य नसते. ते स्वतःचे अन्न तयार करीत नाही आणि प्राण्यांप्रमाणे गिळतही नाही. पाचकरस बाहेर सोडून विरघळलेले अन्न शोषून घेते. त्याच्या पेशींच्या भिंतीत वनस्पतींमधील सेल्युलोजऐवजी कायटिन हे द्रव्य प्रामुख्याने असते. कीटकांचे कवचही याच द्रव्याचे बनलेले असते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकर यांनी १९६९ साली मांडलेल्या वर्गीकरणात कवकांना स्वतंत्र सृष्टीचे स्थान मिळाले.

डोळ्यांना दिसणारी छत्री म्हणजे संपूर्ण कवक नव्हे. खरा जीव माती किंवा लाकूड यांत पसरलेल्या धाग्यांच्या जाळ्यात असतो. त्याला कवकजाल म्हणतात. छत्री हे या जाळ्याचे फळ होय. बीजाणू हवेत सोडणे एवढेच तिचे काम. एखादे मोठे भूछत्र आपल्या अल्प आयुष्यात अब्जावधी बीजाणू सोडते. छत्रीखालच्या पातळ पडद्यांवर तयार झालेल्या प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूवरील पाण्याच्या पापुद्र्यात मिसळताच बीजाणू गुरुत्वाकर्षणाच्या हजारो पट त्वरणाने फेकला जातो. रेजिनाल्ड बुलर या कवकशास्त्रज्ञाच्या नावावरून या थेंबाला ‘बुलरचा थेंब’ म्हणतात. मागे काळोखी पार्श्वभूमी आणि तिरका प्रकाश मिळाला, तर छत्रीखालून धुरासारखे तरंगत जाणारे बीजाणू छायाचित्रात पकडता येतात.

पावसाळ्यातील नाट्य

भूछत्रांचे आयुष्य थोडके असल्याने त्यांचे छायाचित्रण हा वेळेशी खेळ असतो. जाळीचा शुभ्र झगा पांघरलेले ‘फॅलस इंदुसिएटस’ हे कवक अंड्यासारख्या गोळ्यातून बाहेर पडून काही तासांतच पूर्ण उंची गाठते आणि लवकरच मलूल होते. त्याच्या टोकावरील चिकट द्रव्याला दुर्गंधी येते. तिला भुलून आलेल्या माश्या बीजाणू दूरवर नेतात. ‘सायाथस’ हे कवक म्हणजे बोटाच्या नखाएवढे घरटे आणि त्यात मांडलेली अंडी. पावसाचा टपोरा थेंब या पेल्यात पडला, की बीजाणूंनी भरलेली ही ‘अंडी’ उसळून बाहेर फेकली जातात. ‘शिझोफायलम’ हे पंख्याच्या आकाराचे कवक शहरातील रस्त्याकडेच्या वाळक्या ओंडक्यांवरही आढळते. उन्हात ते आक्रसते, पाऊस लागताच पुन्हा टवटवीत होते.

सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि कोकण-गोव्यात वारुळांवर उगवणारी अळंबी ‘टर्मिटोमायसिस’ या वंशातील आहे. वाळवी वारुळाच्या पोटात या कवकाची अक्षरशः शेती करते. चघळलेला पालापाचोळा आणि लाकूड यांचे मळे रचून त्यांवर ती कवक वाढवते आणि त्यावर आपली गुजराण करते. पावसाळ्यात त्याच मळ्यातून लांब देठाच्या छत्र्या माती भेदून वर येतात. वारुळावरील अळंबीचे छायाचित्र हे म्हणूनच दोन जीवांच्या भागीदारीचे छायाचित्र असते.

काळोखातील उजेड

भीमाशंकरच्या अरण्यात भर पावसाळ्यात काही रात्री कुजकी लाकडे आणि पालापाचोळा मंद उजळतो. हा उजेड ‘मायसिना’ वंशातील मानल्या जाणाऱ्या कवकाचा आहे. ल्युसिफेरिन या द्रव्याचा प्राणवायूशी संयोग होऊन हिरवा प्रकाश बाहेर पडतो. कवकांमधील ल्युसिफेरिनची रासायनिक ओळख २०१५ साली पटली. हा उजेड इतका मंद असतो, की डोळ्यांना तो बहुधा फिकट पांढुरका भासतो. कॅमेऱ्याचे शटर अर्धा मिनिट ते काही मिनिटे उघडे ठेवले, तरच त्याचा हिरवा रंग खुलतो. छायाचित्रातील झगमगाट मनात ठेवून जाणाऱ्यांची त्यामुळे निराशा होऊ शकते. विजेरी बंद करून डोळे काळोखाला सरावू देणे हाच खरा उपाय.

छायाचित्रकार आणि शास्त्रज्ञ यांच्या सहकार्यातून काय साधते, याचे उदाहरण मेघालयात मिळाले. तेथील बांबूच्या वनात स्थानिक लोक रात्री उजळणाऱ्या काठ्यांचा दिव्यासारखा वापर करीत. त्या काठ्यांवरील कवकाचा अभ्यास झाला आणि २०२० साली ‘रोरिडोमायसिस फायलोस्टॅकिडिस’ ही नवी प्रजाती जगापुढे आली. तिची छत्री नव्हे, तर केवळ देठ उजळतो. या शोधनिबंधाच्या लेखकांत ऑस्ट्रेलियाचे प्रसिद्ध कवक-छायाचित्रकार स्टीफन ॲक्सफर्ड यांचाही समावेश आहे.

छायाचित्र कसे घ्यावे

भूछत्र जमिनीलगत असते. तेव्हा कॅमेराही जमिनीलगतच हवा. वरून टिपलेल्या चित्रात केवळ एक ठिपका दिसतो. बाजूने पाहिल्यावर तेच भूछत्र एखाद्या घुमटासारखे उभे राहते. मॅक्रो लेन्स, बुटका ट्रायपॉड आणि बसण्यासाठी प्लास्टिकचा तुकडा एवढी सामग्री पुरेशी ठरते. ढगाळ दिवसाचा मवाळ प्रकाश सर्वांत चांगला. छत्रीखाली अंधार असल्यास पांढरा कागद धरून प्रकाश आत वळवता येतो. जवळच्या चित्रात फोकसचा पट्टा अगदी अरुंद असतो. त्यामुळे फोकस थोडा थोडा सरकवत अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर एकत्र केली जातात.

ओळख पटविण्यासाठी एकच सुंदर चित्र उपयोगी पडत नाही. छत्रीचा माथा, खालचे पडदे, देठावरील कडे, देठाचा बुंधा, आसपासची झाडे आणि मापासाठी शेजारी ठेवलेले नाणे, अशी निरनिराळी चित्रे हवीत. तारीख आणि ठिकाण नोंदवणे तितकेच आवश्यक. अशी नोंद आज ‘आय-नॅचरलिस्ट’सारख्या संकेतस्थळावर ठेवता येते.

सौंदर्य आणि सावधगिरी

छायाचित्रावरून ओळख पटली असे वाटले, तरी भूछत्र खाण्याचे धाडस करू नये. शहरी हिरवळीवर उगवणारे मोठे पांढरे ‘क्लोरोफायलम’ खाद्य अळंबीसारखे दिसते; पण त्याने तीव्र उलट्या व जुलाब होतात. त्याचे पडदे पुढे हिरवट होतात, कोवळेपणी मात्र ही खूण दिसत नाही. ‘अमानिटा’ वंशातील काही जातींचे विष त्याहून घातक. पहिली लक्षणेच सहा ते बारा तासांनी दिसू लागतात आणि तोवर यकृतावर आघात सुरू झालेला असतो. आसाममध्ये एप्रिल २०२२ मध्ये विषारी अळंबी खाल्ल्याने १३ जणांचा मृत्यू झाला. शिजवल्याने विष जाते, चांदी काळी पडली नाही तर अळंबी सुरक्षित, किड्यांनी खाल्लेली अळंबी माणसालाही चालते, हे सारे समज निराधार आहेत.

दुसरी सावधगिरी अरण्याविषयीची. स्वित्झर्लंडमध्ये १९७५ पासून २९ वर्षे चाललेल्या पाहणीत असे दिसले, की भूछत्रे तोडल्याने पुढील पीक घटत नाही, मात्र माणसांच्या वावराने जमीन तुडवली गेली की छत्र्यांची संख्या घटते. एका चित्रासाठी दहा जणांनी ओला पाचोळा तुडवणे त्यामुळे योग्य नव्हे. अभयारण्यात रात्री जाण्यासाठी वनविभागाची परवानगी घ्यावी, उजळणारे लाकूड घरी आणू नये आणि चित्रासाठी शेवाळ खरवडू नये.

पालापाचोळा आणि मेलेली लाकडे कुजवून त्यांची माती करण्याचे काम ही कवके अहोरात्र करीत असतात. जंगलाची सुपीकता या मूक कामावर उभी आहे. पावसाळ्यातील चार दिवस वर डोकावणारी छत्री ही त्या कामाची एकमेव दृश्य खूण. ती टिपण्यासाठी दूरच्या अरण्यातच जावे लागते असे नाही. जवळच्या बागेत, पावसाची सर ओसरल्यावर, गुडघे टेकायची तयारी असली म्हणजे पुरे.