यमाची दाढ

बँकेतल्या कारकुनाने शस्त्रांवर लिहू नये, असे आमच्या हेडकॅशियरांचे मत आहे. त्यांच्या मते बँकेत शस्त्राचा अधिकार एकट्या दारावरच्या बंदूकवाल्याचा, आणि तोही सध्या बंदूक कोपऱ्यात टेकवून लोकांना पैसे भरायच्या स्लिपा लिहून देत असतो. माझ्यापुरते म्हणाल तर व्हाउचरांच्या गठ्ठ्याला भोक पाडायचा टोचा, याहून जहाल हत्यार मी आयुष्यात चालवलेले नाही. पण बी.कॉम. झालेल्या माणसाला इतिहास वाचायला मनाई आहे असे कुठे लिहिलेले नाही. आणि तलवारीवर सगळेच लिहितात. तलवार म्हणजे मोठी खातेदार; तिच्यासाठी मॅनेजर खुर्चीवरून उठतो. कट्यार, बिचवा, वाघनख ही मंडळी बिचारी खिडकीच्या रांगेत उभी. तेव्हा त्यांचे काम कारकुनानेच करायला हवे.

कट्यार कशी धरतात हे पुष्कळांना ठाऊक नसते. मुंबईच्या शाखेत असताना चार वर्षे लोकलने लटकलो, त्याचा इथे उपयोग होतो. डब्यात डोक्यावर लोंबणारी ती कडी आठवा. तिचा आडवा दांडा मुठीत धरा. आता ती कडी उपटून काढली (रेल्वेची परवानगी आहे असे समजा) आणि मुठीच्या पुढे दोन बाजूंनी धार असलेले पाते बसवले, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या मागे मनगटापर्यंत आणल्या, की झाली कट्यार. साधा सुरा हातात धरला की जोर मनगटाचा. कट्यारीत मूठच आडवी, त्यामुळे ठोसा मारावा तसा सगळ्या हाताचा, खांद्याचा जोर सरळ टोकावर जातो. ते टोकही मुद्दाम जाड करीत. चिलखताच्या कड्या फोडायला पातळ टोक चालत नाही, ते मोडते. हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर गुंतवणूक कमी आणि परतावा ताबडतोब.

तिचे दुसरे नाव जमधर. आपल्या बखरकारांनी त्याचे जमदाड केले, आणि त्याचा अर्थ लावतात यमदंष्ट्रा, म्हणजे यमाची दाढ. ज्याने कोणी हे नाव ठेवले त्याची दाढ त्या दिवशी नक्की दुखत असणार. अबुल फजलाच्या ‘आईन-इ-अकबरी’त अकबराच्या शस्त्रागाराची यादी आहे, तीत ही जमधर आहे. मला त्या यादीत सगळ्यांत आवडते ते असे, की हत्यारांची किमान किंमत आणि कमाल किंमत शेजारी शेजारी दिलेली आहे. इतका व्यवस्थित माणूस आज असता तर आमच्या ऑडिट खात्यात निवृत्त झाला असता.

दक्षिणेत, विजयनगर आणि तंजावरकडे, कट्यारीला हाताच्या पाठीवर पानासारखी ढाल असे. तिथल्या पुष्कळ कट्यारींची पाती चक्क युरोपातली आहेत. पोर्तुगीज आले, त्यांच्यापाठोपाठ इतर टोपीकर आले. त्यांच्या लांब तलवारी मोडल्या की आपले कारागीर त्या पात्याचा तुकडा कापून देशी मुठीला रिव्हेट मारून बसवीत. परदेशी पात्याच्या तलवारीला मराठ्यांत ‘फिरंग’ म्हणत. म्हणजे ‘फॉरेनचं आहे हो’ असे सांगत वस्तू पुढे करायची आपली सवय तीनशे वर्षांपूर्वीची धरायला हरकत नाही. गंमत अशी, की त्याच काळात आपल्याकडचे, तेलंगणातल्या कोनसमुद्रम्‌सारख्या गावचे मुशीतले पोलाद इराणी व्यापारी घेऊन जात होते. घरचे बाहेर, बाहेरचे घरात.

बुंदीच्या दरबाराला कट्यारीचे इतके प्रेम, की सातव्या एडवर्डच्या काळात त्यांनी जो रुपया पाडला, त्याच्या एका बाजूला कडेने बादशहाचे नाव आणि मधोमध कट्यार! त्या रुपयाला ‘कटारशाही’ म्हणत. मी पंचवीस वर्षे नोटा मोजतो आहे. त्यांच्यावर सिंह पाहिले, धरण पाहिले, ट्रॅक्टर पाहिला. पण ‘परत करता की नाही’ असे विचारणारे चलन मी दुसरे पाहिलेले नाही. वसुली खात्याला असेच काहीतरी हवे होते.

या कट्यारीने केलेला सर्वांत गाजलेला खून हा पगारखात्यात झाला, हे आमच्या कर्मचारी संघटनेला मी अजून सांगितलेले नाही. साल १६४४, जागा आग्रा, दरबार शहाजहानचा. नागौरचा राव अमरसिंह राठोड याने मीर बक्षी सलाबतखान याला भर दरबारात कट्यारीने ठार केले. मीर बक्षी म्हणजे मनसबदारांच्या पगाराचा आणि हजेरीचा मुख्य. लोककथा सांगते, की अमरसिंह रजा संपल्यावरही हजर झाला नाही म्हणून बक्षीने त्याला दंड लावला आणि दरबारात वर अपशब्द काढला. इतिहासकारांना रजेपेक्षा नागौर आणि बिकानेर यांच्या सरहद्दीचा तंटा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो तंटाही साधा नाही. वेल उगवली एका राज्यात, मतीरा म्हणजे तिकडचे कलिंगड लागले दुसऱ्या राज्यात, आणि त्या कलिंगडावरून फौजा भिडल्या, असे राजस्थानात सांगतात. अमरसिंह तिथेच आग्र्यात मारला गेला. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून आज प्रवासी तिकीट काढून आत जातात त्याला त्याचे नाव आहे, आणि नौटंकीवाल्यांनी त्याला अमर केले. सलाबतखानाच्या नावाने नौटंकी नाही. रजेचा अर्ज नामंजूर करणाऱ्या माणसाच्या वाट्याला जगात कुठेही नौटंकी येत नाही.

आता आपल्या घरची गोष्ट. १० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. वाघनख म्हटले की महाराष्ट्रात लहान पोरगेही बोटे वाकवून दाखवते. त्या दिवशी नेमके कोणते हत्यार कुठे चालले याबद्दल जुन्या साधनांत एकवाक्यता नाही. कोणी बिचवा आणि वाघनखे सांगतो, कोणी तलवार. पण सभासदाची बखर वाचताना एक गोष्ट माझ्या लक्षात राहिली. त्याच्या हकीकतीत पहिला वार खानाचा आहे आणि तो जमदाडीचा आहे. कुशीत मारलेली ती यमाची दाढ महाराजांच्या अंगातल्या जरीच्या कुडत्यावर खरखरली आणि शरीराला लागली नाही. एवढे सगळे स्वराज्य, पुढचे राज्यारोहण, पेशवाई, अटक, आणि कारकुनी करून मराठीत लेख लिहिणारे आम्ही, हे त्या एका खरखरण्यावर उभे आहे. बिचव्याचे नाव विंचवाच्या नांगीवरून आले. त्याचा बाक सुरुवातीला म्हशीच्या शिंगाचा. दक्षिणेत शिंगालाच धार लावून हत्यार करीत, पुढे लोखंडाने तोच आकार उचलला. लपवायला सोपा, उपसायला सोपा. भेटीला जाताना बरोबर काय न्यावे याचा एवढा विचार महाराजांनी केला. आपण लग्नाला जाताना आहेराचे पाकीट घरी विसरतो.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखे २०२४ च्या जुलैत तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्याला आली, तेव्हा सौ.च्या आग्रहाने आम्हीही रांगेत उभे राहिलो. ती १८१८ नंतर साताऱ्यात रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफने विलायतेला नेली. पेटीवर तसा मजकूर आहे, की हीच ती, आणि पेशव्यांच्या प्रधानाने ती दिली. म्युझियमवाले मात्र प्रामाणिकपणे सांगतात, की ही तीच असे सिद्ध करता येत नाही. माझ्यातला कारकून जागा झाला. दीडशे वर्षांहून अधिक काळानंतरची नोंद, ती घेणाऱ्याच्या बाजूने केलेली, देणाऱ्याची सही नाही. आमच्याकडे असले कागद आले असते तर खाते उघडले नसते. हे मी सौ.ला हळूच सांगितले. ती काचेकडे बघत म्हणाली, “गप्प बसा. हात जोडा.” जोडले. पुढे एक म्हातारे गृहस्थ चपला काढून काचेसमोर उभे होते. त्यांना कागद कोणी विचारायचे?

नाटकात कट्यार शिरली ती १९६७ साली. दारव्हेकरांचे लेखन, अभिषेकींचे संगीत, वसंतराव देशपांड्यांचा खाँसाहेब. राजगायकाला कट्यार मिळते आणि तिच्याबरोबर एक खून माफ. शस्त्रांच्या सगळ्या इतिहासात इतकी उदार सवलत मी वाचलेली नाही. हेडकॅशियर म्हणतात ही सवलत प्रत्येक शाखेला वर्षातून एकदा हवी. मार्चअखेर.

आणि लग्नात ती अजून आहे. नवरदेवाच्या हातात कट्यार आणि टोकाला लिंबू. भुताखेतांनी नवरदेवाला बाधा करू नये म्हणून हा बंदोबस्त. माझ्या हातातली कट्यार मंडपवाल्याकडून घागर, चौरंग यांच्याबरोबर भाड्याने आली होती आणि म्यानात अशी गच्च बसली होती, की तीन मामांनी ओढूनही बाहेर आली नाही. शेवटी लिंबू म्यानावरच दोऱ्याने बांधले. भुते आली नाहीत. सासरची मंडळी आली.

आता जरा गंभीर भाग. १८७८ साली लॉर्ड लिटनने शस्त्रांचा कायदा केला. परवान्याशिवाय हत्यार करायचे नाही, विकायचे नाही, बाळगायचे नाही. त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांवरही त्याने कायदा आणला. म्हणजे पाते आणि टाक एकदमच बोथट. काही सवलती होत्या, कोडगूच्या कोडवांना होती, गुरख्यांच्या खुकरीला होती. पुढे स्वतंत्र भारताच्या घटनेत शिखांचे कृपाण पंचविसाव्या कलमात आले. आजचा कायदा १९५९ चा. त्याच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचा सुरा हे शस्त्र. घरकामाचा, शेतीचा असला तर सोडून. मी फूटपट्टी घेऊन स्वयंपाकघरात गेलो होतो. कलिंगड कापायची आमची सुरी साडेनऊ इंच भरली. “घरकाम,” असे सौ. म्हणाली, पण ज्या सुरात म्हणाली त्यावरून खात्री पटेना.

हत्यारे काचेच्या कपाटांत गेली, त्यांची नीट व्यवस्था झाली. ती करणाऱ्या, त्यांना पाणी देणाऱ्या, धार लावणाऱ्या शिकलगाराची कोणी व्यवस्था केली नाही. फौजा गेल्या, कायदा आला, आणि शिकलगार सायकलला चाक बांधून “धाऽऽर” म्हणत आळीतून हिंडू लागला. एका विळीचे इतके, एका कात्रीचे इतके.

असेच एक चाचा गेल्या वर्षी आमच्या शाखेत आले. हातात प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेचे प्रमाणपत्र. २०२३ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या या योजनेत अठरा धंदे आहेत, पहिले कर्ज एक लाखापर्यंत, व्याज पाच टक्के, फेड अठरा महिन्यांत. सुतार, कुंभार, न्हावी, परीट सगळे आहेत. आणि त्या अठरांत एक आहे ‘अस्त्रकार’. चाचांच्या कागदावर तेच होते.

आमच्या कर्जवाल्या साहेबांनी चष्मा वर केला. “अस्त्र? कुठलं अस्त्र बनवता तुम्ही?”

“विळ्या, कात्र्या, सुऱ्या. खाटकाच्या बी,” चाचा म्हणाले. “तलवारी आमच्या खापरपणज्यानं केल्या. आता काय न्हाई. फारम भरनाऱ्या पोरानं इचारलं धंदा काय, मी बोल्लो शिकलगार. त्याला शिकलगार घावंना. त्यानं हे टिकलं.”

साहेब म्हणाले, “मग परवाना?”

“कसला?”

“शस्त्राचा.”

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी साहेबांना नऊ इंचांचा नियम सांगितला. सौ.ची साडेनऊ इंची सुरीही पुराव्यात घातली. साहेबांनी मग अंगठा घ्यायला सांगितले. चाचांनी अंगठा ठेवला; यंत्राने लाल दिवा दाखवला. दुसरा ठेवला, लाल. पुसून ठेवला, तेल लावून ठेवला, सगळी दहा बोटे झाली. पन्नास वर्षे चाकाला पाते टेकवून बोटांवरच्या रेषाच राहिल्या नव्हत्या. मी ती बोटे हातात घेऊन पाहिली. गुळगुळीत, काचेसारखी. मागे रांग वाढली होती, आणि साहेब म्हणाले, “यांची ओळख पटत नाही, मी काय करू?”

“तिकडं बी आसंच झालं,” चाचा म्हणाले. “मग डोळं काढलं त्यांनी.”

म्हणजे डोळ्यांचा फोटो. आमच्या शाखेत डोळ्यांचे यंत्र नव्हते. ते जिल्ह्याच्या शाखेत. चाचा दोनदा एस.टी.ने जाऊन आले, एकदा तिथले यंत्र बंद होते. मी फोन केले, पत्र लिहिले, साहेबांच्या टेबलावर कागद रोज वरती आणून ठेवला. सव्वा महिन्याने खात्यावर पैसे पडले. चाचांनी विजेवर चालणारी मोटार आणि दोन चाके घेतली, आणि बसस्टँडमागे टपरी टाकली. पाटीवर लिहिले आहे, ‘येथे धार लावून मिळेल’. अस्त्रकार हा शब्द त्यांनी लिहवला नाही. पोलीस येतात म्हणाले.

अठरापैकी सात हप्ते फिटले आहेत. आठवा दहा तारखेला आहे.