एका विकाराचा इतिहास आणि स्त्रीचे मन

इंदापूरचे नाव निघाले म्हणजे मालोजीराजे भोसल्यांची आठवण होणे साहजिक आहे. शिवछत्रपतींचे हे आजोबा इंदापूरच्या लढाईत पडले. त्यांची गढी तेथे आजही दाखविली जाते. ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या मराठ्यांच्या इतिहासात त्यांची एक घरगुती हकीकत आली आहे. फलटणच्या नाईक निंबाळकरांच्या घराण्यातून आलेल्या त्यांच्या पत्नीस कित्येक वर्षे मूल झाले नाही. पुढे अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) शाहशरीफ पिराच्या कृपेने पुत्रलाभ झाला, या श्रद्धेने मुलांची नावे शहाजी व शरीफजी अशी ठेवण्यात आली.

ही हकीकत आपण सारे कौतुकाने सांगतो. तीत पतीची श्रद्धा आहे, पिराची कृपा आहे, पुत्रांची नावे आहेत. ज्या माउलीने ती कित्येक वर्षे काढली, तिचे नाव मात्र कोठे उमाबाई तर कोठे दीपाबाई असे आढळते, आणि तिच्या मनाविषयी एक अक्षरही नाही. तिला अमुक विकार होता असे सुचविण्याचा आमचा हेतू नाही. दोष तिच्याच ठायी होता असे तरी कोणी सांगावे? आमचे लक्ष त्या मौनाकडे आहे.

शेजारच्या बारामतीस मोरोपंतांनी (१७२९-१७९४) बाबूजी नाइकांच्या आश्रयाने राहून सारे महाभारत आर्याबद्ध केले. त्या भारतकथेतील गांधारी पाहा. दोन वर्षे गर्भ वाहूनही प्रसूती होईना, आणि तिकडे कुंतीस पुत्र झाल्याची वार्ता आली. तेव्हा तिने आपल्याच उदरावर आघात करून घेतला. आपले शरीर आपल्याला साथ देत नाही आणि शेजारणीचे मात्र सर्व सुरळीत चालले आहे, या जाणिवेने स्त्री स्वतःच्याच देहावर कशी उलटते, हे व्यासांनी ओळखले होते.

वैद्यकाने ते ओळखावयास फार काळ घेतला. काश्यपसंहितेच्या रेवतीकल्पात जातहारिणींच्या प्रकारांत 'पुष्पघ्नी' हे नाव येते. ऋतू वेळेवर येतो पण निष्फळ ठरतो, आणि गाल स्थूल व केसाळ असतात, असे तिचे वर्णन आहे. हा आजचाच विकार, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु चेहऱ्यावरील केस आणि न होणारे अपत्य यांची सांगड त्या ग्रंथकाराने घातली होती. मात्र स्त्रीने धर्म सोडला म्हणजे जातहारिणी तिला गाठते, असेही तेथे मानले आहे. व्यथा तिची आणि अपराधही तिचाच!

युरोपात १७२१ साली इटलीच्या वालिस्नेरी या वैद्याने शेतकरी घरांतील काही तरुण विवाहितांचे वर्णन केले. त्या स्थूल व अपत्यहीन होत्या आणि त्यांचे बीजकोश मोठे, खडबडीत व पांढरट होते. १९३५ साली शिकागोच्या स्टाइन व लेव्हेंथल यांनी अशाच सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. बीजकोशांचा काही भाग शस्त्राने काढल्यावर सातही जणींची पाळी सुरू झाली व दोघींस गर्भ राहिला. पाळी आली, गर्भ राहिला, एवढ्यावर त्या काळी यश मोजले जात असे. सात जणींच्या मनाची गोष्ट येथेही अलिखितच राहिली.

पुढे या विकारास 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम' म्हणू लागले. आपल्या घरांतून 'पीसीओडी' हा शब्द अधिक ऐकू येतो. नावात गाठींचा उल्लेख असला तरी त्या खऱ्या गाठी नव्हेत. अर्धवट वाढून थांबलेले बीजपुटक होत. पुष्कळ जणींत शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते अधिक स्रवते. त्याने बीजकोशांतील पुरुषी अंतःस्राव वाढतात. मग पाळी लांबते, मुरुमे येतात, हनुवटीवर केस उगवतात, वजन वाढते. कृश मुलींनाही हा विकार होतो; म्हणून 'खाऊन-पिऊन सुस्तावली' हा शेरा अज्ञानाचा आहे. दर दहा स्त्रियांत सुमारे एकीस हा त्रास असतो, आणि पुष्कळजणींस त्याचा पत्ताही नसतो. योग्य उपचारांनी बहुतेकींस मातृत्व लाभू शकते. तथापि मातृत्वाने प्रकरण संपत नाही. मधुमेहाचा धोका पुढेही राहतो.

या स्त्रियांत उदासीनता व चिंता इतरांहून अधिक आढळतात. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेने तर अशा प्रत्येक रुग्णेच्या मनःस्थितीची विचारपूस करावी, असे स्पष्टच सांगितले. स्टाइन-लेव्हेंथल यांच्या निबंधानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

आता आपल्या घराकडे वळू. मुलगी आरशासमोर वारंवार हनुवटी चाचपते, समारंभास जावयाचे टाळते, 'पाहण्याच्या' कार्यक्रमाच्या आदल्या रात्री जागी राहते. सून दुसरीच्या डोहाळेजेवणास हसतमुखाने जाते आणि परत आल्यावर जेवत नाही. 'कूस कधी उजवणार?' हा प्रश्न विचारणारी मावशी मायेनेच विचारते. पण तो प्रश्न महिन्यातून दहा वेळा ऐकणारीस त्यातील माया कशी दिसावी? मुलीची पाळी अनियमित आहे ही गोष्ट स्थळ मोडेल म्हणून लपविली की तिला एवढेच कळते, की आपला देह ही घराची लाज आहे. हा धडा औषधाने पुसला जात नाही.

बारामतीस २०१९ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आता तपासणीसाठी पुण्याचीच वाट धरावी लागते असे नाही. मुलीस तेथे आईने न्यावे, वडिलांनीही बरोबर जावे, आणि डॉक्टरांपुढे पाळीच्या तारखांबरोबर तिची झोप, भूक व उदासी यांचीही हकीकत तिची तिला सांगू द्यावी. चार शतकांपूर्वी इंदापूरच्या जहागिरीतील त्या माउलीस कोणी काही विचारले की नाही, हे आता कळावयाचे नाही. आपल्या घरातल्या मुलीस मात्र आज रात्री जेवताना विचारता येईल.