सान मार्कोसचे अतिथी

उत्तर स्पेनमधील लेओन नगरात, बेर्नेस्गा नदीच्या पुलाशेजारी, सान मार्कोस ही विस्तीर्ण वास्तू उभी आहे. आज तेथे शासकीय ‘पारादोर’ साखळीतील आलिशान हॉटेल आहे. बाराव्या शतकात मात्र या जागी मठ आणि त्याला जोडून यात्रेकरूंची धर्मशाळा होती. सान्तियागो दे कोम्पोस्तेला येथील संत याकोबाच्या समाधीकडे पायी निघालेल्या वाटसरूला येथे अन्न, निवारा आणि शुश्रूषा मिळे. पुढे हे स्थान सान्तियागोच्या धर्मयोद्धा-संघाचे प्रमुख पीठ झाले. १५१४ साली राजा फर्नांदोने नव्या बांधकामासाठी द्रव्य दिले. सोळाव्या शतकात आरंभलेले ते काम अठराव्या शतकापर्यंत रेंगाळले. चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेले शिंपले, म्हणजे यात्रेकरूंचे चिन्ह, आजही मूळ हेतूची साक्ष देतात.

परंतु या वास्तूने सर्वांनाच अतिथी मानले नाही. कवी फ्रान्सिस्को दे केवेदो हा याच संघाचा मानकरी. तरीही राजाच्या रोषामुळे १६३९च्या अखेरीपासून १६४३पर्यंत तो येथेच बंदिवान होता. खंगलेल्या स्थितीत सुटल्यानंतर दोनच वर्षांनी तो मरण पावला. एकोणिसाव्या शतकात मठांची मालमत्ता सरकारजमा झाली आणि वास्तू लष्करासह नाना कामांसाठी राबवली गेली. १९३६ साली यादवी युद्ध पेटताच फ्रांकोच्या पक्षाने तिची बंदी-छावणी केली. १९४०पर्यंत हजारो प्रजासत्ताकवादी येथे कोंडले गेले. अनेकांना येथूनच वधस्थानी नेण्यात आले. कैद्यांपैकी एक, कवी विक्तोरियानो क्रेमेर, याने पुढे त्या दिवसांवर पुस्तक लिहिले.

साठच्या दशकात, फ्रांकोच्याच राजवटीत, छावणीचे हॉटेल झाले. जीर्णोद्धाराने शिल्पे वाचली, हे श्रेय नाकारता येत नाही. अन्यथा कित्येक मठांप्रमाणे याचेही अवशेषच उरले असते. मात्र जीर्णोद्धार नेहमी निवड करतो. दगडावरील काजळी पुसताना तो कोणती स्मृती जपावी आणि कोणती झाकावी हेही ठरवतो.

हॉस्पिटल, होस्टेल आणि हॉटेल हे तिन्ही शब्द लॅटिनमधील ‘होस्पेस’ या एकाच शब्दकुळातले. त्याचा अर्थ अतिथी, तसाच यजमानही. सान मार्कोसने यात्रेकरू, बंदिवान आणि प्रवासी अशा तिघांनाही छत दिले. त्यांपैकी दुसऱ्याची आठवण पुसून केलेले आतिथ्य अपुरेच राहील.